नानांना शांत जागा सापडते

नानांना शांततेची इतकी ओढ आहे की रात्री अकरा वाजता फोन करून ते विचारतात, "काय रे, आज किती शांत वाटतंय, नाही?" आपण झोपेतून उठून हो म्हणायचं. त्यानंतर पाऊण तास ते शांततेची बाजू मांडतात. खालच्या मजल्यावरचं बाळ जागं होतं, त्याची आई दिवा लावते, आणि नाना गॅलरीतून वाकून तिला सांगतात, "जरा आवाज कमी हं, मी फोनवर आहे."

आमच्या इमारती ओवे गावाला लागून आहेत. पत्त्यात खारघर लिहायचं, पाणी आलं नाही की पनवेल महानगरपालिकेच्या नावाने बोटं मोडायची आणि रिक्षावाल्याला मात्र 'ओवे' म्हणायचं, अशी इथली रीत. मागे खारघरचा डोंगर, पुढे गाव, पलीकडे तळोजा. या भागात कोणी फिरकत नव्हतं तेव्हा नानांनी इथे फ्लॅट घेतला. कारण विचारलं तर एकच: शांत जागा.

ही त्यांची पहिली शांत जागा नव्हे. नानांचा जन्म गिरगावातल्या चाळीत. एका खोलीत नऊ माणसं, गॅलरीत कायम कोणाचं तरी भांडण नाहीतर कोणाची तरी मुंज. नोकरी लागली ती गोदीत, कारकुनाची. तिथे क्रेनचा खडखडाट. ऐंशीच्या सुमारास त्यांनी डोंबिवलीला जागा घेतली. "डोंबिवली तेव्हा शांत होती," असं ते सांगतात तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. ती शांत का राहिली नाही, याचा तपास मात्र त्यांनी कधी केला नाही. आम्ही केला. पहिल्याच वर्षी त्यांनी डोंबिवलीच्या शांततेबद्दल दोन मेहुणे, एक साडू, गोदीतले सहकारी आणि चाळीतला अख्खा दुसरा मजला यांना सांगितलं. ते सगळे डोंबिवलीला आले. त्यांनी त्यांच्या मेहुण्यांना सांगितलं. मग नाना वैतागून खारघरला गेले, आणि जाताना सगळ्यांना सांगून गेले की खारघर फार शांत आहे.

मुंबईची गर्दी हलवायला १९७० साली सिडको स्थापन झाली असं पुस्तकात असतं. ते खरंच आहे. पण आराखडा काढणं वेगळं आणि माणसं प्रत्यक्ष उचलून आणणं वेगळं. ते दुसरं काम नानांसारख्यांनी केलं, तेही एक पैसा न घेता.

खारघरही भरलं तेव्हा ते ओव्याला आले. आल्यावर त्यांची थोडी अडचण झाली. गाव आगरी, आणि आगऱ्यांची हळद ही शांतताप्रेमी माणसाने लांबूनच ऐकायची गोष्ट आहे. लांबून म्हणजे साधारण कर्जतहून. पहिल्याच लग्नसराईत एका रात्री डीजेच्या ठोक्यांनी आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. नाना संतापून खाली उतरले. "आत्ता बंद करून येतो," म्हणाले. अर्ध्या तासाने डीजे बंद झाला. आम्ही गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात माइकवर नानांचा आवाज आला. ते नवऱ्या मुलाला आशीर्वाद देत होते. आशीर्वाद बराच वेळ चालला, मग त्यांनी फर्माईश केली, आणि डीजे पुन्हा सुरू झाला. रात्री दीडला परत आले तेव्हा कपाळाला हळद आणि हातात मटणाचा डबा. "माणसं चांगली आहेत," एवढंच बोलले.

मेट्रोचंही तसंच. बेलापूर–पेंधर मेट्रोचे खांब वर्षानुवर्षं नुसते उभे होते. त्या काळात नाना तिला जगातली सर्वांत शांत मेट्रो म्हणत. शेवटी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ती समारंभ न करता सुरू झाली. ना मंडप, ना भाषण. नाना इतके खूश झाले की पेठपाडा स्टेशनच्या फलाटावर उभं राहून त्यांनी स्वतःच एक छोटं भाषण केलं.

तर अशा या नानांची मुलगी आणि जावई माल्टाला असतात. जावई 'गेमिंग'च्या कंपनीत आहे. त्या देशाचा हा मोठा धंदा. गेमिंग म्हणजे काय, हे नानांना फार उशिरा कळलं. तोवर त्यांनी सगळ्यांना 'मुलांसाठी खेळ बनवतो' असं सांगून ठेवलं होतं. जावई ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो ती लोकांना घरबसल्या जुगार खेळू देते हे समजल्यावर नाना दोन दिवस गप्प होते असं काकू, म्हणजे नानांच्या सौ, सांगतात. हे दोन दिवस आमच्यापैकी कोणाला आठवत नाहीत. आता ते "सॉफ्टवेअर" एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात.

लेकीने दोघांना तिकिटं पाठवली. पावसाळ्यात ओवं सोडून नाना आणि काकू माल्टाला गेले. तिथे जे घडलं त्याच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत. नानांची, जी आमच्या गच्चीवर चालू असते. लेकीची, जी फोनवर दबक्या आवाजात मिळते. आणि काकूंची. काकू फार कमी बोलतात, त्यामुळे मी शक्य तिथे त्यांचीच आवृत्ती धरली आहे.

माल्टा म्हणजे सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या मधोमध पसरलेली चिमुकली बेटं. १९६४ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने जातात आणि इंग्रजी बहुतेकांना येतं. नानांना एवढंच हवं होतं. लेकीने आधी त्यांना इमदीना या जुन्या तटबंदीच्या गावात नेलं. तिथे वस्ती जेमतेम दोन-तीनशे माणसांची, मोटारींना बहुतेक मज्जाव, आणि प्रवासी पुस्तकांत त्याला 'शांत नगरी' म्हणतात. ते वाचून जगभरची माणसं तिथे येतात. नानांना वेशीपासून चौकापर्यंत रांगेत चालावं लागलं. "शांततेच्या नावाखाली एवढी गर्दी! कोण सांगतं या लोकांना?" असं त्यांनी विचारलं. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

म्हणून मग गोझो. माल्टाच्या वायव्येला हे दुसरं बेट आहे, सदुसष्ट चौरस किलोमीटरचं. "म्हणजे आपल्या पनवेल महानगरपालिकेपेक्षा लहान," हे नानांनी तिथे भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं. लोकांनी आदराने मान डोलावली. सकाळी निघायचं, शांत शांत गावं बघायची, संध्याकाळी परत.

बसने चिरकेव्वाच्या धक्क्यावर पोहोचायलाच तासाच्या वर गेला. तिथून बोट. इथे नानांना पहिला धक्का बसला, तो म्हणजे तिकीट कोणी मागेना. गोझोला जाताना पैसे नाहीत. परत येताना तिकडच्या बंदरावर दोन्ही फेऱ्यांचे मिळून घेतात. ज्याने जन्मभर भाऊच्या धक्क्यावर लाँचचं तिकीट आधी काढलं, नंतर जिना उतरला, त्याच्या पचनी हे पडणं कठीण. "आणि जो परतच आला नाही त्याचं काय?" त्यांनी खलाशाला विचारलं. खलाशी म्हणाला, तो मग गोझोकरच झाला, त्याच्याकडून कसले पैसे घ्यायचे? यावर नाना डेकवर विचार करत बसले. मोऱ्याच्या लाँचला ही पद्धत लावली तर उरणची लोकसंख्या किती होईल, याचा हिशेब त्यांनी विमानाच्या बोर्डिंग पासच्या मागे मांडलेला मी पाहिला आहे.

बोट पंचवीस मिनिटांची. वाटेत कोमिनो नावाचं आणखी छोटं बेट लागतं. त्याच्याकडे नानांनी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही, कारण ते शेजारच्या स्पॅनिश जोडप्याला इतिहास सांगत होते. इतिहास खरा होता, हे मान्य केलं पाहिजे. १८७८ साली रशिया आणि तुर्कस्तानचं प्रकरण पेटलं तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान डिझरायली याने हिंदुस्थानातून सातेक हजार सैनिक माल्टाला आणवले होते, आणि त्यांची जहाजं मुंबईहून सुटली होती. गोदीत नोकरी केलेल्या माणसाला असल्या गोष्टी ठाऊक असतात. "तेव्हा मुंबईहून इकडे सहल येण्याची ही काही पहिली वेळ नाही," असा समारोप करून त्यांनी त्या जोडप्याला लाडू दिला. जोडपं उतरल्यावर दुसऱ्या बसमध्ये बसलं. लेकीच्या मते मुद्दाम.

गोझोचं मुख्य गाव व्हिक्टोरिया. मूळ नाव रबात; १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा ते बदललं. हे ऐकताच नाना भर रस्त्यात थांबले. कारण आपल्या बोरीबंदरच्या स्टेशनाला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव मिळालं तेही त्याच ज्युबिलीत, त्याच साली. गावातली माणसं अजून रबातच म्हणतात, हे कळल्यावर तर त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. "आम्हीही अजून व्हीटीच म्हणतो!" त्यांनी एका पाववाल्याला मिठी मारायचं फक्त बाकी ठेवलं. माणूस एकदा असा आनंदला की त्याला शांत करणं कठीण, आणि ते अजून शांत गावात पोहोचलेलेच नव्हते.

वर किल्ला आहे, चिट्टाडेला. आत कॅथीड्रल. तिथला प्रसंग नाना सांगतात तेव्हा त्यात ते स्वतः एक भोंदूपणा उघडकीला आणतात. खरी गोष्ट अशी: आत शिरून वर पाहिलं की भव्य घुमट दिसतो, खिडक्यांतून उजेड येतो आहे असं वाटतं. बाहेर येऊन पाहिलं तर छप्पर सपाट. पैसे पुरले नाहीत म्हणून घुमट बांधलाच नाही. १७३९ मध्ये एका चित्रकाराकडून आतल्या बाजूला घुमटाचं चित्र करून घेतलं, आणि ते इतकं बेमालूम आहे की अडीचशेहून अधिक वर्षं लोक माना वर करून फसतायत. पाटीवर हे सगळं लिहिलेलं आहे. नानांनी पाटी वाचली नाही. ते तीनदा आत-बाहेर गेले, भिंतीची लांबी पावलांनी मोजली आणि राखणदाराला घेऊन कोपऱ्यात गेले. "हे बघा," ते इंग्रजीत म्हणाले, "तुमचा घुमट गायब आहे. आत आहे, बाहेर नाही. आमच्या इमारतीच्या माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव असाच होता. लेखी तक्रार करा." राखणदाराने ओठांवर बोट ठेवलं. नानांना तो माणूस फार आवडला. शांततेची कदर करणारा माणूस म्हणून त्याचा फोटो त्यांनी आमच्या ग्रुपवर टाकला आहे.

मग आर्ब.

बेटाच्या पश्चिम टोकाचं हे गाव खरोखरच शांत आहे. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, दारावर पितळी मुठी, दगडी कठड्यांच्या कोरीव गॅलऱ्या, चौकात चर्च. ऑगस्टचा पहिला आठवडा, दुपारचा दीड. भूमध्य समुद्राकाठी दुपारी दुकानं बंद होतात आणि माणसं झोपतात, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. चौकात चिटपाखरू नव्हतं. तिघांनी बाकावर बसून काकूंनी आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बोट, बस, किल्ला सगळं मागे पडलं होतं. ज्यासाठी माणसाने गिरगाव सोडलं, डोंबिवली सोडली, खारघर सोडलं, ते समोर होतं.

नानांनी काय केलं? त्यांनी आम्हाला व्हिडिओ कॉल लावला.

ओव्यात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि बाहेर पाऊस कोसळत होता. सोसायटीच्या ऑफिसात बैठक चालू होती. पाण्याच्या टाकीचा विषय होता. पडद्यावर नाना आले, मागे चर्च.

"ऐका!" नाना ओरडले. "सगळे गप्प बसा आणि ऐका! काही ऐकू येतंय?"

"नाना, तुमचाच आवाज येतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"माझा सोडा! त्याच्या मागचं ऐका! काही नाहीये! अरे, काही म्हणजे काहीच नाहीये इथे!"

नानांनी फोन चारी दिशांना फिरवला. एका घराची खिडकी उघडली, कोणी तरी बाहेर पाहिलं, खिडकी बंद झाली. दुसरी उघडली. नाना म्हणाले, "बघा, लोकसुद्धा किती शांत आहेत, बघतात आणि आत जातात." मग त्यांनी प्रत्येक सभासदाला नाव घेऊन विचारलं की त्याला शांतता ऐकू येते का. ती येत असल्याचं सगळ्यांनी कबूल केलं, तेव्हा कुठे टाकीच्या विषयाला पुन्हा हात लागला.

यानंतरचा भाग नानांच्या आवृत्तीत नाही. काकूंच्या आहे.

फोनची बॅटरी संपली. लेक आणि काकू गल्लीत लेस विणणाऱ्या एका बाईकडे गेल्या. गोझोची लेस नावाजलेली आहे. नाना बाकावर एकटे राहिले. काकूंना त्या बाईच्या खिडकीतून चौक दिसत होता. पहिली काही मिनिटं नाना ताठ बसले होते, चेहऱ्यावर विजय. मग त्यांनी उजव्या कानात करंगळी घालून हलवली. मग डाव्या. मग चर्चच्या दारापर्यंत जाऊन आले. मग घड्याळ कानाला लावून पाहिलं. गिरगावातल्या माणसाला आवाज अचानक थांबला की एकच अर्थ माहीत असतो: वीज गेली, किंवा कोणी तरी गेलं. नाना अस्वस्थ झाले. सावलीत एक मांजर झोपली होती, तिला त्यांनी "काय गं, जेवलीस का?" असं विचारलं. तिने डोळा उघडून मिटला. माल्टात पोहोचल्या दिवसापासून नाना रात्री पंखा लावून झोपत होते. एसी असताना पंखा कशाला, असं जावयाने विचारलं तेव्हा "हवेसाठी" म्हणाले होते. काकू मला म्हणाल्या, "हवेसाठी कसला? घरघर लागते त्यांना. नाहीतर झोपच नाही."

इतक्यात एक म्हातारा आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. कॅप, पांढरी बंडी, हातात कापडी पिशवी. त्याने मान हलवली, नानांनीही हलवली. उरलेली एक दशमी नानांनी पुढे केली. म्हाताऱ्याने ती खाल्ली, पिशवीतून मेंढीच्या दुधाच्या चीजची एक छोटी वडी काढून नानांना दिली. दोघंही समोर बघत बसले. काकू शपथेवर सांगतात की यानंतर वीस मिनिटं नाना एक अक्षर बोलले नाहीत. नानांना हे सांगितलं की ते चिडतात. "अशक्य," म्हणतात.

तो प्रकार किती वेळ चालला असता कोण जाणे. पण अचानक 'धडाम' असा आवाज झाला. पाठोपाठ आणखी तीन. चौकातली कबुतरं उडाली, मांजर उठली. शेजारच्या सान लाव्रेंत्स गावात गावदेवाचा, म्हणजे संत लॉरेन्सचा उत्सव जवळ आला होता आणि दारूकाम चाललं होतं. या बेटांवरच्या शांत गावांची ही दुसरी बाजू पुस्तकात बारीक अक्षरात छापलेली असते. उन्हाळाभर कुठल्या ना कुठल्या गावात संताची जत्रा असते, गावोगावी बँडचे क्लब असतात आणि फटाके कोणाचे मोठे यावरून गावागावांत चुरस असते. नाना उभे राहिले. काकू म्हणतात, त्यांच्या चेहऱ्यावर इतका वेळ नसलेला रंग परत आला.

लेक आणि काकू बाहेर आल्या तेव्हा बाक रिकामा होता. लेक घाबरली. काकू घाबरल्या नाहीत. "आवाजाच्या दिशेने चल," त्या म्हणाल्या.

सान लाव्रेंत्सच्या चौकात लाल-पिवळ्या पताका लागत होत्या, खांबांवर पुतळे चढत होते. बँडवाले एका कोपऱ्यात वाद्यं जुळवत होते. आणि एका शिडीच्या तळाशी, शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून, नाना उभे होते. वर एक पोरगा दिव्यांची माळ बांधत होता. नाना त्याला मराठीतून सूचना देत होते. "अरे, सैल सोड, सैल! वारा आला की तुटेल! आमच्या मंडळात दर वर्षी हेच व्हायचं!" पोरगा "इवा, इवा" म्हणत माळ सैल सोडत होता. नानांच्या मनगटाला कोणी तरी लाल फीत बांधली होती. शेजारच्या टेबलावर त्यांच्या नावाचा बिअरचा ग्लास होता. तो त्यांनी घेतला नाही, असं ते म्हणतात. काकू याविषयी काही बोलत नाहीत.

पुढे त्यांना द्वेयरा नावाच्या ठिकाणी जायचं होतं. तिथे समुद्रात खडकाची प्रचंड कमान होती. ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. आता तिथे लोक कमान नाही हे बघायला जातात. पण माळा संपेपर्यंत नाना शिडी सोडायला तयार नव्हते, तासाने एक येणारी बस दोनदा गेली, आणि नसलेली कमान बघायची राहून गेली. संध्याकाळी उत्तर किनाऱ्यावर श्वेयनीची मिठागरं तेवढी झाली. खडकात खोदलेले चौकोनी कप्पे, त्यात समुद्राचं पाणी सुकवून मीठ. शेकडो वर्षांची ही पद्धत काही कुटुंबांनी जपली आहे. नानांनी दोन किलो मीठ घेतलं. परतीच्या बंदरावर तिकिटाचे पैसे देताना त्यांनी खिडकीतल्या बाईला "बघा हं, आम्ही परत चाललोय, प्रामाणिकपणे," असं बजावलं.

ओव्याला परत आल्यावर ते मीठ चिमूटचिमूट प्रसादासारखं वाटलं गेलं. गावातल्या भाजीवाल्या आजींच्या हातावरही त्यांनी पुडी ठेवली आणि भूमध्य समुद्रातलं मीठ कसं बनतं ते समजावलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाना, माजे बापाशीचं मिठागर व्हतं उरनला. लग्न होयपरेन मी तितंच पाय भाजलेत. मना मीठ दावतंस?" तरी पुडी त्यांनी परत केली नाही, आंब्याच्या लोणच्यात घातली आणि एक वाटी नानांकडे पाठवून दिली. नानांनी ते लोणचं 'गोझोचं' म्हणून पाहुण्यांना वाढलं.

गच्चीवरची व्याख्यानं महिनाभर चालली. त्यांतल्या गोझोत फटाके नव्हते, बँड नव्हता, शिडी नव्हती. नुसती शांतता. ऐकणाऱ्यांपैकी काहींना राहवेना, तेव्हा नानांनी जाहीर केलं की असली गावं आपल्याकडेही आहेत, दाखवतो, आणि सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. चौल, रेवदंडा, कोर्लई. एका दिवसात.

जागा त्यांनी चांगली निवडली होती. चौल म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि दुपारी ओस पडणाऱ्या गल्ल्या. एके काळचं मोठं बंदर. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात ते सिम्युल्ला या नावाने आहे, आणि पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी फिरत फिरत इथे उतरला होता. लोक त्या गोऱ्या माणसाला बघायला मागे मागे यायचे, असं त्याने लिहून ठेवलंय. "भूमध्य समुद्राकडचे लोक दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे येऊन गेले. मी फक्त उलटभेट दिली," नाना गाडीच्या माइकवर म्हणाले. गाडीला माइक आहे हे बघूनच त्यांनी ती ठरवली होती. वडखळपर्यंत टॉलेमी, अलिबागपर्यंत निकितीन, आणि त्यापुढे महिलांनी बंड करून अंताक्षरी. रामेश्वराच्या तळ्याच्या काठी सतरा डबे उघडले गेले. आसपासच्या घरांच्या खिडक्या उघडल्या आणि बंद झाल्या. ओळखीचं दृश्य होतं.

कोर्लईत किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजांपासून चालत आलेली एक मिश्र बोली ती माणसं अजून घरात बोलतात. नानांना वाटलं, युरोपातली भाषा आहे, म्हणजे आपल्याला येणारच. एका अंगणात बसलेल्या बाईंकडे पाणी मागितलं आणि प्यायल्यावर माल्टात शिकलेला 'ग्रात्सी' त्यांनी झोकात टाकला. बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, आणखी पाणी देऊ का? ऊन लागलंय तुम्हाला."

परत येताना मात्र सगळ्यांचं एकमत झालं की जागा शांत आहे. पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीतून दोन गाड्या चौलला गेल्या; त्याच्या पुढच्या रविवारी शेजारच्या सोसायटीची बस. एकाने तिथे वाडीतलं घर भाड्याने देतात का याची चौकशी सुरू केली आहे. दोन कुटुंबांनी तर थेट गोझोसाठी व्हिसाचे अर्ज भरले आहेत, आणि नानांच्या लेकीला ओव्यातून अनोळखी नंबरांचे फोन येऊ लागले आहेत. ती घाबरून बाबांना म्हणाली, "बाबा, आता पुरे. गोझो राहू दे." नानांनाही ते पटलं. कारण गोझो आता पूर्वीसारखं शांत राहिलेलं नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं.

परवा रात्री अकराला फोन वाजला. "कोमिनो," नाना म्हणाले. "बोटीतून दिसलं होतं, आठवतंय का? तुला कुठून आठवणार, तू नव्हतास. साडेतीन चौरस किलोमीटर. कायमची वस्ती किती असेल सांग? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! गाव नाही, बाजार नाही, काही नाही. अरे, तिथे कोणी जातच नाही राहायला."

"वा," मी म्हणालो.

"मी यादी करतोय. तुझं नाव अकरावं आहे. बायकोला विचारून उद्या सकाळपर्यंत सांग, खाली सेक्रेटरी वाट बघतायत."